दारू नसलेल्या बारचा कडू थेंब

डोळे मिटा बघू. आता असं समजा, की तुमच्या जिभेवर मेथीचा एक दाणा ठेवला आहे. चावायचा नाही, नुसता राहू द्या. काही कळतं? काहीच नाही, वाळूचा खडा असावा तसा तो पडून आहे. आता दाताखाली घ्या आणि चावा. झालं ना तोंड वाकडं? कडू लागलं की जीभ पहिला हुकूम सोडते: थुंक! तिची चूक नाही. रानातली कितीतरी विषं कडू असतात, म्हणून ती आधी घाबरते आणि मग विचार करते. पण आता अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा, जिची जीभ म्हणते "थुंक" आणि ती जिभेलाच म्हणते, "थांब की जरा, बघू तरी दे."

तिचं नाव धम्मदीपा, वय दहा. मुळशी धरणाच्या काठी, भातखाचरांच्या वरच्या अंगाला तिचं घर. कारल्याची भाजी झाली की बाकीचे गूळ मागायचे आणि ही कच्च्या कारल्याची चकती मीठ लावून कुरुकुरु खायची. "हिची जीभ उलटी बसवलीया," असं तिचे आजोबा म्हणायचे. आजोबांचं नाव किसन. सगळं घर त्यांना आबा म्हणायचं आणि गाव तात्या.

त्या हिवाळ्यात धम्मदीपाची आत्या तृप्ती पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी आली आणि तिने ओसरीवर बार मांडला.

बार म्हणजे दारू मिळण्याची जागा, एवढं तुम्हालाही ठाऊक असेल. तृप्तीआत्या त्या हॉटेलात बारच्या फळीमागे उभी राहून लोकांना तऱ्हेतऱ्हेची पेयं कालवून द्यायची. स्वतः तिने त्यातला घोटही कधी घेतला नव्हता. पण काम तिला मनापासून आवडायचं: बर्फाचा खळखळाट, लिंबाची पातळ चकती, पेल्याच्या काठाला लावलेलं मीठ. "हे सगळं दारूबिगर बी जमतं," ती म्हणायची. "कुणी करून बघत न्हाई, एवढंच." म्हणून तिने ओसरीवर एक जुनं दार आडवं टाकलं, मागे कोकम, आवळा, आलं, करवंद यांच्या बाटल्या ओळीने लावल्या आणि भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: तृप्तीचा बार.

आबा गवंडी होते. ती भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केली होती. तरुणपणी वस्तीमागची दारूची भट्टी बंद पाडायला जे गेले, त्यांत ते पुढे होते. त्या भांडणात खांद्यावर बसलेला दांडा अजून थंडीत ठणकायचा. घरात पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणायचे. पाचवं शील दारूपासून आणि नशेपासून लांब राहण्याचं. तिथे आबांचा आवाज हमखास चढायचा. आता त्यांच्याच भिंतीवर ही अक्षरं!

"हे काय लिवलंस?"

"बार, आबा."

"पूस."

"न्हाई पुसायची. दारूचा थेंब बी न्हाई त्यात."

"मग सरबताचं दुकान म्हण की."

"सरबत पोरांना देत्यात आणि दारू मोठ्यांना. मला मोठ्यांना द्यायचंय आणि दारू न्हाई द्यायची. त्याला बार न्हाई तर काय म्हणू?"

आबांनी खांदा चोळला. लेकीचं डोकं आपल्यावरच गेलंय, हे त्यांना माहीत होतं. शेवटी म्हणाले, "शनिवारी पावणं येत्यात धरणावर. तवर ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक आलं तर बघू, न आलं तर पुसायचं. आणि ध्यानात ठेव, दारूचा थेंब जरी उंबऱ्याच्या आत आला, तर मी माझ्या हातानं पुसीन."

दुसऱ्याच दिवशी रोहित आला. रोहित आत्याच्या वर्गातला. त्याच्या घरची जमीन धरणाच्या काठाला होती आणि तिथे त्याने तंबू लावले होते. सुट्टीला हिंजवडीकडची माणसं तिथे राहायला यायची. त्याने कोकम-आल्याचा पेला एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली.

"झ्याक हाय. पण तृप्ती, हे सरबत हाय गं. दारूबिगर बार म्हंजी पाण्याबिगर धरण!"

"उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नसतं," आत्या म्हणाली, "तरी तुमी धरणाला धरणच म्हणता न्हवं?"

रोहित मोठ्याने हसला. पण बोलला ते खरं बोलला. "माझ्या तंबूत दारूला परवाना न्हाई. पावणं इचारत्यात, संध्याकाळी प्यायला काय? शनिवारी गाडीभर माणसं तुज्याकडं आणतो. पण सरबत प्यायला ती कशाला चढ चढत्याल? बारची चव पायजे."

तो गेल्यावर आत्या पेल्याकडे बघत बसली.

"खरंच काय कमी हाय, आत्या?" धम्मदीपाने विचारलं.

"कडू कमी हाय."

मग आत्याने तिला समजावलं. मोठ्या बारमध्ये बोटभर उंचीच्या बाटल्या असतात. त्यांत मुळ्या, साली, मसाले मुरवून केलेला कडू अर्क असतो. त्याला म्हणतात बिटर्स. पेल्यात दोन थेंब पुरतात, फोडणीतल्या हिंगासारखे. हिंग कुणी चमच्याने खात नाही, पण नसला तर आमटी मुकी लागते. तसंच गोडाला आणि आंबटाला हे थेंब बोलतं करतात.

संध्याकाळी रोहितने तशी एक बाटली आणून दिली. कागदात गुंडाळलेली, इवलीशी, ऐटबाज. आबांनी ती हातात न घेता उंबऱ्याबाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावली आणि धम्मदीपाला म्हणाले, "वाच गं, बारीक काय लिवलंय ते."

धम्मदीपाने वाचलं. निम्म्याच्या आसपास दारूच होती.

"अवो, दोनच थेंब तर टाकायचं!" रोहित म्हणाला. "खोकल्याच्या औषधात बी असती, तात्या."

"मग खोकला झाला की आण," आबा म्हणाले.

बाटली परत गेली. शनिवार जवळ आला होता.

आता घरातच कडू शोधायचं होतं. दारूऐवजी व्हिनेगरमध्ये आणि कढत पाण्यात जिन्नस मुरवायचे, असं आत्याने ठरवलं. आणि चव घ्यायला कोण? उलट्या जिभेची धम्मदीपा.

चव कशी घ्यायची, हे आत्याने आधी शिकवलं. तुम्हीही शिकून ठेवा. एकच थेंब घ्यायचा. तोंड वाकडं करायची घाई करायची नाही. कडू आलं कुठून, बसलं कुठे आणि गेलं कधी, हे बघायचं. मग पाण्याची चूळ आणि कोरड्या भाकरीचा तुकडा, म्हणजे जीभ पुन्हा कोरी होते.

"मेथी चिकटती," धम्मदीपाने निकाल दिला. "जायचं नावच घेत न्हाई."

"बाद. कडुनिंब?"

"गळा धरतुया."

"बाद. कारलं?"

"मला आवडतंय. पण भाजीचा वास येतोय."

"तुला आवडून उपेग न्हाई, पावण्यांना आवडाया पायजे. बाद."

मग आत्याने पौडच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. तापात काढा करतात त्या काड्या. त्याचा थेंब जिभेवर पडला आणि धम्मदीपा ताठ बसली.

"हे सरळ हाय, आत्या! आलं, बसलं, उठून गेलं."

"पावणा असाच असावा," ओसरीच्या कोपऱ्यातून आबा म्हणाले आणि लगेच, आपण बोललोच नाही अशा थाटात, दुसरीकडे बघू लागले.

चिराईतात संत्र्याची वाळलेली साल आणि दालचिनी घातली. अर्क गाळून बाटलीत भरला. कोकमात दोन थेंब टाकले, तेव्हा धम्मदीपाला कोकम पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपार कलली तशी खाली रस्त्यावर एक मोठी गाडी येऊन थांबली. पाहुण्यांना गाडीतच बसवून रोहित एकटा वर आला. हातात तीच कागदवाली बाटली.

"आधी मी बघतो, मग त्यांना वर बोलावतो," तो म्हणाला. कठड्यावर, उंबऱ्याच्या बाहेर, त्याने स्वतः आणलेल्या पेल्यात कोकम ओतून घेतलं आणि आपल्या बाटलीतले थेंब टाकले. शेजारी आत्याने आपल्या अर्काचा पेला ठेवला. रोहितने दोन्ही चाखले, मान डोलावली आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, "मी सांगितलं तर तुमी म्हणाल, रोहित आपलीच टिमकी वाजवतुया. ही पोरगी खोटं बोलत न्हाई. तीच सांगू दे. माझ्या पेल्याचा नुसता वास घे गं, पिऊ नको. तुमचा खुशाल चाख."

धम्मदीपाने रोहितच्या पेल्यावर नाक नेलं. संत्रं आलं, लवंग आली, पावसात भिजलेल्या लाकडासारखं काहीतरी आलं. सगळं एकदम वर आलं. मग तिने आपल्या पेल्यावर नाक नेलं. कोकम आलं. बस्स. चाखून बघितलं. कडू सरळ होतं, जागच्या जागी होतं. पण पेल्याच्या तळाशी गुपचूप बसल्यासारखं.

तिने वर बघितलं. आत्या हातातलं फडकं पिळत होती. ते फडकं कोरडंच होतं. भिंतीवरची अक्षरं आत्याच्या डोक्यावर होती. "आमचंच चांगलं" एवढं म्हटलं असतं, तर गाडीभर माणसं वर आली असती.

"रोहितदादा, तुजा वास चांगला हाय," धम्मदीपा म्हणाली. "आमचं कडू बरोबर हाय. पण त्याला वास न्हाई."

आत्याने डोळे मिटले.

"झालं!" रोहितने टाळी वाजवली. "घरच्या पोरीनंच सांगितलं. आता आडून बसू नको, तृप्ती. दोन थेंब." आणि बाटलीचं टोपण उघडून त्याने हात आत्याच्या पेल्याकडे नेला.

धम्मदीपाने पेल्यावर तळहात ठेवला.

"न्हाई."

"अगं, आत्ता तूच म्हणालीस ना, चांगलं हाय?"

"चांगलं हाय म्हणून घ्यायलाच पायजे व्हय?"

रोहितचा हात तसाच हवेत राहिला. "म्हंजी?"

"म्हंजी तुजं चांगलं हाय आणि आमाला नको हाय. आमचं कमी हाय ते आमी नीट करू."

"कधी? पावणं खाली बसल्यात!"

"पुढच्या शनिवारपातुर."

"पुढचा शनिवार तुला दिला कुणी?" रोहित आता चिडला होता. "तात्यांनी आजचाच दिला हुता. सगळ्या गावाला ठाव हाय. आज गिऱ्हाईक न्हाई तर भिंत पुसायची. काय तात्या?"

आबा कोपऱ्यातून उठले. भिंतीपाशी आले. खडूच्या अक्षरांकडे त्यांनी नीट बघून घेतलं, गवंडी ओळंबा धरून बघतो तसं.

"मी दिला," ते म्हणाले.

"काय दिलं?"

"पुढचा शनिवार. आणि त्याच्या पुढचा बी. भिंत माझी हाय, मी कवा बी पुसीन. तू सांगितलंस म्हणून न्हाई पुसायचा. पोरीनं आपल्या तोंडानं आपलं उणं सांगितलं आणि तरी हात न्हाई काढला पेल्यावरनं. अशा बारला मी काय भ्यायचं?"

"आवो, पण त्यो चालणार न्हाई तात्या!"

"न्हाई चालला तर न्हाई चालला. भट्टी बंद करायला निघालो तवा बी हेच म्हणत हुते, किसन, चालायचं न्हाई तुजं."

रोहितने बाटली कागदात गुंडाळली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वेळेत पाहुण्यांची सोय लावायची होती. "मग मी गाडी पलीकडच्या रिसॉर्टला नेतो," तो म्हणाला. "मागनं म्हणू नका, रोहितनं विचारलं न्हाई." आणि बाटली खिशात घालून तो फोनवर त्या रिसॉर्टवाल्याला जागा विचारू लागला.

 आत्या फळीमागे गेली आणि ओळीने लावलेले पेले एकेक करून पालथे घालू लागली. धरणाच्या पाण्यावर उन्हाची तिरीप लांब पडली होती. खाली गाडीच्या खिडक्यांतून माणसं वर, घराकडे बघत होती.

धम्मदीपाने आत्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि सुलटा केला. मग दुसरा, मग तिसरा. थाळीत मावले तेवढे मांडले. कोकम ओतलं, बर्फ टाकला, प्रत्येकात आपल्या अर्काचे दोन थेंब सोडले. थाळी दोन्ही हातांनी उचलून ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि फोनवर बोलणाऱ्या रोहितच्या शेजारून सरळ उतार उतरून गेली.

थाळी कमरेशी टेकवून तिने गाडीची काच वाजवली. काच खाली आली. आत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या मांडीवरून एक मुलगा डोकावत होता.

"हे आमच्या बारचं हाय," धम्मदीपा म्हणाली. "दारू न्हाई. कडू हाय आणि वास जरा कमी हाय. पिऊन सांगा, अजून काय काय कमी हाय."

आणि तिने पहिला पेला खिडकीतून आत दिला.