मँटलसाठी काळं लाकूड

आमच्याकडे पाळीपाळीने एकेका घरात मिस्सा होते. पाद्रीबाबा येतात, अख्खी वस्ती येते, आणि बायका क्रुसाकडे कमी नि भिंतींच्या रंगाकडे जास्त बघतात. त्या वर्षी शरदातली पाळी आमची होती. म्हणून ईस्टर उरकल्याबरोबर मी फेलिमच्या मागे लागले, की चुलीच्या तोंडाभोवतीची ती कुजकी पाइनची चौकट, ते मँटल, काढ आणि धुराड्याच्या तोंडावर चारचौघांत शोभेल अशी तुळई बसव. नवरा सुतार आणि घरात कुजकी फळी, हे मला कधीपासून खुपत होतं.

फेलिमने मनावर घेतलं. तालुक्याच्या गावी बँकेच्या साहेबाकडे खिडक्या बसवताना त्याने तिथलं मँटल डोळ्यांत भरून आणलं होतं. उरलेल्या वॉलपेपरचा तुकडा स्वयंपाकघराच्या टेबलावर उलटा पसरून त्याने आराखडा काढला. दोन बाजूंना खांब, वर जाड तुळई, तुळईखाली छोट्या कमानी. हात चांगला होता त्याचा. पण लाकूड कुठून आणायचं? वखारीत पाइनशिवाय काही नव्हतं, आणि ओकचा भाव ऐकून तो नुसता हसला.

"बॉगमधलं काढतो," तो म्हणाला. "काळा ओक. शिसवासारखा दिसतो."

"शरदापर्यंत सुकेल?"

"ओल्या पोत्यांखाली हळूहळू सुकवावा लागतो, नाहीतर फाटतो. नाहीच सुकला तर पाद्रीबाबांना सांग, प्रभूला म्हणावं पुढच्या खेपेला ये."

बॉग म्हणजे वस्तीबाहेरची दलदल; तिच्यात प्रत्येक घराचा आपापला पट्टा असतो. तिथून चुलीसाठी टर्फच्या, म्हणजे जळणाच्या काळ्या मातीच्या, ओल्या विटा कापायच्या, वाळवायच्या, वर्षभर जाळायच्या. पट्टा ज्याचा, त्याखाली हजारो वर्षं गाडलेलं काळं लाकूडही त्याचं. आमच्या पट्ट्यात होतं नव्हतं ते सासऱ्यांनीच काढलेलं. तेव्हा फेलिमने सेलिया मॅककेबला विचारलं. बिचारी विधवा. एकुलता एक मुलगा युजीन दोन वर्षांपूर्वी सायकल घेऊन बाहेर पडला तो परत आला नाही. इंग्लंडला पळाला, असं लोक म्हणायचे. हे म्हणताना कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नसे. तेव्हापासून तिचा पट्टा कोणी कापलाच नव्हता.

"घे रे बाबा, सापडेल ते घे," सेलिया म्हणाली. "माझ्या काय कामाचं?"

काळा ओक शोधायची एक रीत आहे. भल्या सकाळी, दव पडलेलं असताना बॉगवर जायचं. खाली लाकूड असेल तिथलं दव आधी उडतं आणि गवतात वेगळा पट्टा उठून दिसतो. तिथे हेझलची काडी खुणेला रोवायची, मग लांब लोखंडी सळई खुपसायची. दगड असला तर हाताला झिणझिण्या येतात. लाकूड असलं तर सळई रुतून बसते, पिळून काढावी लागते. हे फेलिम बापाकडून शिकला होता आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता.

त्या दिवशी तो नाश्त्याच्या आत परत आला. पाव कापता कापता मी त्याच्याकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"दार लाव," तो म्हणाला.

दवात त्याला असे तीन कोरडे पट्टे दिसले होते, तिन्ही ठिकाणी त्याने काड्या रोवल्या. पहिल्या दोन्ही ठिकाणी लाकूड, एकाच लांब खोडाची दोन टोकं. तिसरा पट्टा बाजूला होता. आखूड, माणसाच्या उंचीएवढा. तिथे सळई ना दगडाला लागली ना लाकडाला. भिजल्या पोत्यात जावी तशी आत गेली. वर काढली तेव्हा टोकाच्या खाचेत निळी लोकर अडकलेली होती.

ती त्याने मला दाखवली. तसा निळा स्वेटर सेलियाने युजीनसाठी विणलेला अख्ख्या वस्तीने बघितला होता. मी ती लोकर त्याच्या बोटांतून ओढली आणि चुलीत टाकली. केस जळाल्यासारखा वास आला. मी तिथेच चुलीपाशी बसकण मारली.

"काड्या काढल्यास?"

तो बुटांचा चिखल खरवडायला लागला.

"फेलिम, काड्या?"

"राहिल्या गं. मी पळालोच."

ज्यांनी युजीनला तिथे पुरलं त्यांना आम्ही नाव घेऊन कधी संबोधत नसू. इंग्रज सैन्याविरुद्ध लपून लढणारे, आमच्यातलेच; पण नुसतं 'ते लोक' म्हणायचो, तेही आवाज खाली आणून. सैनिकांना काही सांगतो असा नुसता संशय आला की माणूस जायचा. युजीनवर तोच संशय होता, हे कोणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. आता त्याच्या डोक्यावर माझ्या नवऱ्याची काडी उभी होती, खूण करून ठेवल्यासारखी. वरून सैन्याचं हेलिकॉप्टर रोज जायचं. पाहणाऱ्याने काय समजायचं?

फेलिम दुपारी काड्या काढायला गेला. काड्या नव्हत्या.

रविवारी चर्चनंतर मॅलकी आमच्याकडे आला. फेलिमच्या वर्गातला. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा, पोरांना फुटबॉल शिकवणारा, आणि त्या लोकांपैकी एक. दारातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवून त्याने क्रुसाची खूण केली, 'या घरावर देवाची कृपा असो' म्हणाला, आणि चुलीजवळची फेलिमची खुर्ची घेतली.

"डिम्फी, चहा दे की. आणि तो तुझा सोडा ब्रेड. आमच्या हिच्या ब्रेडने दारं अडवता येतील."

मी हसले. भीतीने माणूस किती पटकन हसतो, ते मला त्या दिवशी कळलं. कप ठेवताना बशी वाजू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरली.

"काय रे फेलिम, बॉगवर दिसलास म्हणे? एवढ्या सकाळी?"

"लाकूड बघत होतो. मँटलला."

"मँटलला!" मॅलकी माझ्याकडे वळला. "म्हणजे हुकूम तुझा. बायकोने सांगितलं की हा समुद्रसुद्धा उपसेल. आराखडा-बिराखडा काढलाय का?"

आराखडा टेबलावरच होता. फेलिमने त्याच्यापुढे सरकवला. मॅलकीने चवीने बघितला. कमानींवरून बोट फिरवलं, मापं मोठ्याने वाचली, सुंदर म्हणाला. मग त्याचं बोट कोपऱ्यात गेलं. तिथे फेलिमने सेलियाचा पट्टा काढून ठेवला होता. खोड केवढं असेल याचा अंदाज यावा म्हणून दोन ठिपके आणि त्यांच्यामध्ये रेघ. आणि बाजूला तिसरा ठिपका. आराखडा तो बॉगवर सोबत घेऊन गेला होता; हा ठिपका त्याने तिथे उभ्या उभ्याच काढला असणार, सळई खुपसायच्या आधी. मला वाटलं आता माझ्या तोंडून किंकाळी निघणार.

"हे दोन समजले. हा तिसरा कशाचा?"

"दगड निघाला," फेलिम म्हणाला.

"दगड."

"हो. सळई वाजली."

मॅलकी पुढे वाकला. मग फेलिमच्या कानामागची पेन्सिल त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतली, तिसऱ्या ठिपक्यावर सावकाश फुली मारली आणि पेन्सिल परत कानामागे खोचली.

"दगडच असणार. काड्या मी उपटल्या हं. लोकांची गुरं अडखळतात. आणि खोड एकट्याने हलायचं नाही तुला, मी ट्रॅक्टर घेऊन येतो."

तो खरंच आला. खोड बाहेर निघालं, कोळशासारखं काळं, आणि मॅलकीने ते साखळीने ओढून आमच्या पडवीत आणून टाकलं. दुसरीकडे कुठे खणलं जात नाही ना, हे बघायलाच तो आला होता. जाताना फेलिमच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मिस्साला मी येणार. बघू तरी कसं दिसतंय."

त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. गाडी वळणावर हळू झाली की फेलिम हातातलं काम सोडून भिंतीला टेकायचा. त्याचा भाऊ ग्लासगोला होता, मी म्हटलं, जाऊ या. "गेलो की त्यांना खात्रीच पटेल," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

मग सेलिया आली. काळं लाकूड घरात आलं की शेजारी बघायला येतात, त्यात वावगं काही नव्हतं, आणि ते लाकूड तर तिचंच. फेलिमने पोती बाजूला केली. तिने खोडावरून हात फिरवला, बराच वेळ.

"बाळा," ती म्हणाली, "तुझ्या बापाची सळई खोटं बोलत नसे. तुझीही बोलत नसणार. माझ्या पट्ट्यात तुला आणखी काही लागलं का?"

मी म्हटलं, "नाही हो, सेलिया."

"तुला नाही विचारलं, पोरी."

मी फेलिमचा दंड धरला, नखं रुतेस्तोवर. बोलला तर तो मेला असता, एवढंच मला दिसत होतं. सेलियाचं दुःख मला दिसत नव्हतं, खोटं कशाला सांगू. फेलिमने माझा हात सोडवला नाही. तसाच, दंड माझ्या मुठीत असताना, म्हणाला, "लागलं. निळी लोकर आली."

सेलिया रडली नाही. तिने पोती जागेवर ओढली, नीट सारखी केली.

"तू मला काही सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "टर्फ कापायचे दिवस आलेत. माझा पट्टा मी कापते. कापता कापता जे लागेल ते लागेल. म्हातारीला टर्फ जाळायचा हक्क आहे की नाही? कुठल्या बाजूला, तेवढं सांग. मी दुसऱ्या टोकापासून सुरू करते."

आणि तिने सुरू केलं. विधवा एकटी टर्फ कापतेय म्हटल्यावर आमच्याकडे कोणी घरात बसत नाही. शेजारी फावडी घेऊन आले. फेलिमलाही जावं लागलं, न जाणंच डोळ्यांत आलं असतं. पुरुष कापत होते, बायका विटा पसरत होत्या, विस्तवावर किटली उकळत होती. कोणी गाणंसुद्धा म्हणत होतं. मी त्या गाण्याकडे पाठ करून विटा पसरत राहिले.

पहिल्या दिवशी मॅलकीची गाडी रस्त्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन स्वतःच खाली उतरला. तोही शेजारीच. आला नसता तर लोकांनी विचारलं असतं.

"सेलिया, दमला असाल," तो म्हणाला. "हे टोक मी करतो. तुम्ही चहा घ्या."

युजीन होता त्या टोकाला हात दीड हात कापायचं उरलं होतं. तिथे तो फावडं मारणार, तेवढाच भाग सोडून देणार, आणि म्हणणार, पुढे नुसता चिखल आहे, काही उपयोगाचं नाही. फेलिम त्याच्या शेजारीच उभा होता. माझ्या हातातली ओली वीट फुटून बोटांतून गळाली.

"नाही मॅलकी," सेलिया म्हणाली. "हे टोक माझं."

"अहो, पण—"

"माझ्या नवऱ्याने मला याच टोकावर कापायला शिकवलं. बाजूला हो."

सगळे बघत होते, तेव्हा तो बाजूला झाला. फेलिमपासून हातभर अंतरावर. त्याची नजर सेलियाच्या फावड्यावर नव्हती, फेलिमच्या चेहऱ्यावर होती. काही सापडायच्या आधीच फेलिमने मान खाली घातली तर संपलं, एवढं मला कळत होतं. मी मनातल्या मनात मरियेचा धावा करत होते, याला काही माहीत नाही असं दिसू दे, याला काही माहीत नाही असं दिसू दे. फेलिम नाक शिंकरून बाहीला पुसत होता, कंटाळलेल्या मजुरासारखा. देवाने त्याला एवढं शहाणपण कुठून दिलं कोण जाणे.

सेलियाने फावडं घातलं, वीट उचलली, बाजूला टाकली. पुन्हा घातलं, पुन्हा उचलली. मग फावडं आत गेलं आणि तिने ते बाहेर काढलं नाही.

ती गुडघ्यांवर बसली. हातांनी माती सारली. निळं दिसलं तेव्हा गाणारा मधेच थांबला. पुरुषांनी एकेक करून टोप्या काढल्या. एक जण पाद्रीबाबांना बोलवायला धावला, कोणीतरी किटली विस्तवावरून उतरवली.

सेलियाने वर बघितलं. फेलिमकडे नाही, माझ्याकडे नाही.

"मॅलकी," ती म्हणाली, "टोपी काढ."

सगळी वस्ती त्याच्याकडे वळली. त्याचा हात वर गेला, आणि त्याने टोपी काढली.