नोंद आढळली नाही

आर्डिसबाई क्वामे यांनी चौथ्यांदा तेच नाव टाइप केलं. कोर्टाच्या तळघरातल्या त्या संगणकाची मधली लांब कळ अडकायची. अंगठ्याने दाबून धरली तरच नाव आणि आडनाव यांच्यात जागा पडायची. कर्टिस व्हेटर. या वेळी त्यांनी वर्षाची चौकट रिकामी ठेवून पाहिली. पडद्यावर तेच वाक्य उमटलं: नोंद आढळली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. शुक्रवारी काउंटीचं कार्यालय बाराला बंद होई, आणि शाळेत संमतिपत्र देण्याची मुदतही बाराचीच होती. ते पर्समध्ये होतं, सही सोडून सगळं भरलेलं. उद्या जलतरण संघाच्या सहा मुली दीडशे मैलांवर स्पर्धेला जाणार होत्या. त्यांतली एक टेस, बाईंची अकरा वर्षांची नात. गाडी चालवणार होता कर्टिस व्हेटर. सोमवारी केस कापून घेताना बाजूच्या खुर्चीवरून कुणीसं म्हणालं होतं, "कर्टिस म्हणजे तोच ना, पिऊन गाडी नाल्यात घातली होती तो?" कधी घातली, कुणी पाहिली, याचं उत्तर तिथे कुणापाशीच नव्हतं.

चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना ऐकीव माहितीवर माणसाला दोषी ठरवणं मान्य नव्हतं, आणि निर्दोष धरणंही. खटल्याची नोंद सार्वजनिक असते. जाऊन पाहायची, इतकंच.

इतकंच करण्यात चार दिवस गेले होते. मंगळवारी न्यायाधीश आले होते. ते पंधरवड्यातून एकदाच येत, आणि त्या दिवशी काउंटीची एकुलती एक लिपिक लुआन फेटिग सकाळपासून कोर्टात अडकलेली असे. बुधवारी राज्याच्या कार्यालयातल्या माणसाने फोनवर खटल्याचा क्रमांक विचारला. क्रमांक कुठे मिळेल, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नोंदीवर असतो की." गुरुवारी लुआनच्या खिडकीवर कागद चिकटवलेला होता: दाढ काढायला गेले आहे. आणि सही होत नाही म्हणून घरी टेसने बोलणं टाकलं होतं. "तुला कुणातच चांगलं दिसत नाही, आजी," हे तिचं शेवटचं वाक्य.

बाईंनी चष्मा पुसला. उपकरणाच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी त्यातून ज्ञात नमुना चालवून पाहावा, असं त्या दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत. ज्यात क्षार आहे हे पक्कं ठाऊक आहे असं पाणी घ्यायचं. उपकरण 'क्षार नाही' म्हणालं, तर दोष पाण्याचा नाही.

या काउंटीतला असा एक खटला त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं, आणि वर्ष, १९८८.

नोंद आढळली नाही.

त्यांचे खांदे क्षणभर सैल पडले आणि लगेच पुन्हा ताठ झाले. सुटल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं. यंत्र चुकत होतं. म्हणजे कर्टिसविषयी त्याने चार वेळा दिलेलं उत्तरही निरर्थक होतं.

वर लुआन गालाला बर्फाची पिशवी लावून बसली होती.

"लुआन, खालचा संगणक खोटं बोलतोय."

"तो काय आजचा खोटारडा आहे, बाई? मागच्या आठवड्यात पाद्रीबाबांना म्हणाला, तुमचं लग्नच झालेलं नाही. त्यांच्या बायकोला काही फार वाईट वाटलेलं दिसलं नाही."

"मी गंमत करत नाहीये. जुने खटले त्यात चढवलेलेच नाहीत."

"हे कशावरून म्हणता?"

बाईंनी काउंटरवरचं दोरीने बांधलेलं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"मला मूळ कार्डं पाहायची आहेत."

"खटल्याचा क्रमांक असेल तर..."

"क्रमांक हा शब्द या आठवड्यात पुन्हा ऐकला ना, तर मी ओरडेन."

"बरं बरं, चिडू नका. चिठ्ठी भरा. नाव, वर्ष, खाली तुमची सही. सहीशिवाय कपाट उघडायचं नाही, असा नियम आहे. आणि चिठ्ठी वर्षभर या ट्रेमध्ये राहते, कुणीही बघू शकतं. कोण काय विचारून गेलं, तेही सार्वजनिक."

बाईंनी दोन चिठ्ठ्या घेतल्या. पहिलीवर कर्टिसचं नाव लिहिलं आणि सहीच्या रेघेवर हात थांबला. कपाट हेही एक उपकरणच होतं. त्यांनी पहिली चिठ्ठी तळहाताखाली दाबली, दुसरीवर स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आणि उपडी करून पुढे सरकवली.

लुआनने ती उलटली, वाचली. मग ती उठली, कपाटाचा तिसरा खण ओढला, अगदी मागे हात घातला आणि एक पिवळं पडलेलं कार्ड आणून ठेवलं. दारू पिऊन वाहन चालवणे. गुन्हा कबूल.

"तू शोधलंसुद्धा नाहीस," बाई म्हणाल्या.

"कुठे आहे ते माहीत असल्यावर शोधायचं काय? टाइप मीच केलं होतं. नोकरीचा दुसरा महिना होता माझा."

दर गुरुवारी काउंटीच्या साप्ताहिकात कोर्टाची यादी छापून येई. वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंड झालेल्याचंही नाव त्यातून सुटत नसे. १९८८ साली, खटल्यानंतरच्या गुरुवारी, बाई सकाळी सहालाच पेपर विकत मिळायच्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. यादीत त्यांचं नाव नव्हतं. छापखान्याची चूक, असं त्या धरून चालल्या. सदतीस वर्षांत त्यांनी दुसरी कुठलीच शक्यता तपासली नव्हती.

"साप्ताहिकाला यादी कोण पाठवायचं?"

"मीच." लुआनने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "अकरावीत तुम्ही मला परीक्षेचा पेपर पुन्हा लिहू दिला होतात. कुठे बोलला नाहीत."

"आणि संगणकात कार्डं कुणी चढवली?"

"तीही मीच. बहुतेक सगळी."

"बहुतेक म्हणजे किती?"

"मोजली नाहीत, बाई."

"हे नियमात बसत नाही, लुआन."

"नाही बसत."

बाहेरून धान्याचा ट्रक गेला. काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"तुझी दोन्ही मुलं माझ्या गाडीतून विज्ञान स्पर्धेला जायची," बाई म्हणाल्या.

"सात वर्षं. थोरला दर वेळी मागच्या सीटवर ओकायचा आणि तुम्ही त्याला विचारायचात, यात आम्ल कोणतं ते सांग."

"हे माहीत असून तू त्यांना पाठवलंस?"

"तशीच नाही पाठवली. थोरला तुमच्या वर्गात आला ना, त्याच्या आदल्या वर्षी मी दर शुक्रवारी संध्याकाळी दारूच्या दुकानासमोर गाडी लावून बसायचे. तुम्ही कधी आलाच नाहीत."

"दर शुक्रवारी?"

"चव्वेचाळीस शुक्रवार. ते मात्र मोजले होते."

बाईंनी कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि लुआनकडे परत दिलं. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"ती हाताखालची चिठ्ठी," लुआन म्हणाली. "सही केलीत तर काढून देईन. नाही म्हणायचा मला हक्क नाही."

"खालच्या संगणकात त्याचं नाव नाही. म्हणजे एकतर कार्ड मुळातच नाही. नाहीतर ते आहे, आणि तू..."

लुआनच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एक गाल तर सुजलेलाच होता.

"माझी धाकटी नात त्याच संघात आहे, बाई," ती म्हणाली.

बाईंनी कर्टिसच्या नावाची चिठ्ठी चौपदरी घडी करून पर्समध्ये टाकली आणि संमतिपत्र बाहेर काढलं. पेनाची दोरी आखूड होती. सही करायला त्यांना काउंटरवर बरंच वाकावं लागलं.

लुआनने दुसरी चिठ्ठी, बाईंच्याच नावाची, हळूच त्यांच्याकडे सरकवली. "ही पण घेऊन जा. कुणी पाहिलेली नाही."

बाईंनी ती वाचली. तारीख लिहायची राहिली होती. त्यांनी ती लिहिली आणि चिठ्ठी ट्रेमध्ये सगळ्यात वर, अक्षरं दिसतील अशी ठेवली.

"उद्या किती वाजता निघतो तो?"

"साडेसहाला. सव्वासहालाच येऊन गाडी गरम करत बसतो."

"मी सहाला तिथे असेन," आर्डिसबाई म्हणाल्या आणि मुदत संपण्याआधी शाळेत पोहोचायचं म्हणून निघाल्या.