थॉर्नलोसाहेबांचं ड्रॉइंग

गिरीश फ्रँकफर्टला गेला म्हणून मी इंजिनिअर झाले. हे ऐकून ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक हसलेच होते आणि त्यात माझा मुलगा यतीनही होता.

दोन हजार सहाची दिवाळी. आमच्या मंडळाची दिवाळी म्हणजे भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, मुलांचे नाच, बटाटेवडे आणि शेवटी एकांकिका. त्या वर्षीची एकांकिका अवधूतने लिहिली होती, एडविन थॉर्नलो नावाच्या रेल्वे इंजिनिअरवर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला माणूस. अवधूत कॉम्प्युटरमधला, पण लायब्ररीत बसून जुनं काहीबाही उकरून काढायचा त्याला नाद आहे. हा थॉर्नलो सुताराचा पोर. जमीन मोजायची साखळी ओढता ओढता इंजिनिअर झाला. एका दरीवर त्याने विटांच्या कमानींचा पूल बांधायला घेतला तेव्हा सगळे म्हणाले, पडणार. पूल पडला नाही. मग उद्घाटन तोंडावर आल्यावर कंपनीच्या चेअरमनने त्याच्याकडून ड्रॉइंग काढून घेतलं, त्याला घरी पाठवलं आणि पुलाच्या दगडावर स्वतःच्या जावयाचं नाव कोरलं. पुढे थॉर्नलो कुठल्या कुठल्या देशांत किरकोळ रूळ टाकत फिरला आणि तिकडेच वारला.

"यात आपलं काय आहे?" असं कमिटीने विचारलं. मंडळाचा अध्यक्ष राजीव म्हणाला, "निदान एखादी लावणी तरी टाक ना यार." अवधूतने लावणी टाकली नाही. तो पोरगा मला आवडतो तो एवढ्यासाठीच.

मी प्रॉम्प्टर होते. तालमी आमच्याच घरी व्हायच्या. गिरीश थॉर्नलो आणि राजीव चेअरमन. कोपऱ्यात बसून मी दोघांनाही वाक्यं पुरवायचे, त्यामुळे अख्खी एकांकिका मला तोंडपाठ झाली. आणि ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात गिरीशच्या कंपनीने त्याला जर्मनीला धाडलं. राजीव म्हणाला, "Cancel करू. मुलांचा अजून एक डान्स घेऊ."

"मी करते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही? अहो, थॉर्नलो पुरुष आहे."

"पुरुषांनी शालू नेसून आपली रंगभूमी गाजवली, तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नव्हतं. मी पँट घातली तर तुझ्या का दुखतंय?"

"आई, लोक हसतील," यतीन म्हणाला.

"हसू देत. तिकीट काढलंय त्यांनी."

एका ठिकाणी मात्र मी अडले. शेवटच्या प्रवेशात चेअरमन हात पुढे करतो आणि थॉर्नलो ड्रॉइंगची गुंडाळी त्या हातात देऊन निघून जातो. ते माझ्याच्याने सहन होईना. मुंबईला रेल्वेच्या पुलांची ड्रॉइंगं काढण्यात माझा जन्म गेला. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाची एक चौकट असते. माझ्या ड्रॉइंगांवर त्या चौकटीत आमच्या हेडच्या नावाची अक्षरं पडायची. एकदा मी तोंडावर विचारलं होतं. "बाईचं नाव घातलं तर पूल पास होईल का?" असं म्हणून ते हसले आणि बाकीचे सगळे टेबलाटेबलांवरून हसले. संध्याकाळी गुंडाळी त्यांच्यासमोर ठेवायची आणि घरी जायचं, हे मी रिटायर होईपर्यंत केलं. त्याचा राग मला अजून येतो. म्हातारपणी राग विझतो म्हणतात, माझा नाही विझला.

"थॉर्नलोला ते ड्रॉइंग देऊ देऊ नकोस ना," मी अवधूतला म्हटलं.

"काकू, त्याने खरंच दिलं होतं. मी काय करू? पण देण्याआधी मी त्याला भाषण दिलंय, ते बघा."

भाषण खरोखर झकास होतं. कुठल्या कमानीखाली पाणी लागलं, कुठे मजूर पळून गेले, कुठे हा स्वतः चिखलात उतरला, हे सगळं तो चेअरमनला तोंडावर ऐकवतो. त्या भाषणाच्या बदल्यात मी गुंडाळी द्यायला कबूल झाले. द्यायचीच आहे तर बोलून देईन, मुकाट्याने नाही. कोऱ्या कागदाची गुंडाळी हातात धरायची मला लाज वाटली म्हणून डायनिंग टेबलवर बसून मी तो पूल खरोखर काढला. यतीनला चार दिवस किचनमध्ये उभ्याने जेवावं लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी यतीनची काळी पँट सेफ्टी पिनांनी आवळून, उंच टोपी घालून, मिशी लावून स्टेजवर गेले, तर हॉल हशाने फुटला. मी काही केलं नाही. उभी राहिले. हसण्याला पण दम लागतो, तो संपल्यावर सगळे आपोआप शांत झाले. दुसऱ्या प्रवेशापर्यंत वड्यांच्या रांगेतलेसुद्धा येऊन बसले होते.

तिसऱ्या प्रवेशात पुलावरून पहिलं इंजिन जातं. त्याचा धूर दाखवायची कल्पना राजीवची. त्याने विंगेत धुपाटणं पेटवलं, सत्यनारायणाला पेटवतो तसंच, फक्त धूप चौपट. इंजिन पुलाच्या मध्यावर आलं आणि शाळेचा फायर अलार्म बोंबलायला लागला. पाच मिनिटांत सगळं मंडळ पैठण्या आणि कुडत्यांत कार पार्कमध्ये कुडकुडत उभं. केअरटेकर किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. "Who's in charge here?" असं विचारताना त्याची नजर माझ्यावर थांबली. सगळ्यांत उंच टोपी माझीच होती ना.

"I am," मी म्हटलं. राजीवला ते फारसं रुचलं नाही.

फायर ब्रिगेड येऊन, बघून, वैतागून गेली. मग राजीव घड्याळ बघत माझ्याकडे आला. "काकू, दहाला हॉल रिकामा करायचाय आणि raffle ची सोडत अजून बाकी आहे. तुमचं भाषण cut. तुम्ही या, drawing मला द्या, exit. Simple."

"भाषण नाही तर ड्रॉइंग नाही."

"काकू please, it's just a prop."

मी अवधूतकडे बघितलं. भाषण त्याचं, आणि हा बुटाची नाडी बांधायला वाकला. यतीन जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, प्लीज, सीन करू नकोस."

"अरे, सीन करायलाच तर मी आलेय," मी म्हटलं आणि आत गेले.

शेवटचा प्रवेश. टेबल, खुर्ची, खुर्चीसमोर राजीव उभा, पोटावर खोटी सोन्याची साखळी. मी आत आल्या आल्या भाषणाला सुरुवात केली. "चेअरमनसाहेब, तुम्ही हा पूल गाडीच्या खिडकीतून बघितलात..." एवढंच झालं आणि त्याने मला तोडलं. हे वाक्य त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. "बोलणं पुरे, मिस्टर थॉर्नलो. ड्रॉइंग!" आणि हात पुढे केला.

तो हात बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाताला अंगठ्या होत्या आणि हात अगदी निवांत होता. आपल्याला मिळणारच, याची खात्री असलेला.

"नाही देत," मी म्हटलं.

राजीवला वाटलं मी विसरले. ओठ न हलवता तो म्हणाला, "काकू, द्या."

"नाही देत."

राजीवचे कान लाल झाले. तो बिचारा जे सुचलं ते ओरडला, "हे ड्रॉइंग कंपनीचं आहे!"

"मग कंपनीने काढायचं होतं!"

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्या पडायला लागल्या. राजीवने गुंडाळीचं टोक धरलं आणि खेचलं. मीही खेचलं. एका सत्तरीच्या बाईशी दोनशे लोकांसमोर रस्सीखेच करतोय, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने सोडलं. माझी मिशी अर्धी सुटून लोंबत होती, ती मी उपटून कोटाच्या खिशात घातली. मग चेअरमनच्या खुर्चीत बसले, टेबलावर ड्रॉइंग पसरलं आणि पहिल्या वाक्यापासून भाषण पुन्हा सुरू केलं. राजीवला आता काही वाक्य नव्हतं, म्हणून तो विंगेत गेला. केअरटेकर दारात येऊन उभा होता. मी एक शब्द गाळला नाही की कुठे घाई केली नाही.

Raffle झालीच नाही. विंगेत राजीव फणकारला, "काकू, पुढच्या वर्षी तुम्हाला स्टेजवर घेणार नाही. सगळ्या नाटकाचा शेवट बदललात तुम्ही."

"घेऊ नकोस. माझी मी येईन."

"निदान ते drawing तरी द्या. मंडळाच्या exhibition ला लावू."

मी उत्तर द्यायच्या आत यतीन मध्ये पडला. "राजीव, तिने नाही म्हटलंय."

मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. खरं सांगते, टाळ्यांपेक्षा ते जास्त भिडलं. गाडीत बसल्यावर मी गुंडाळी मांडीवर घेतली. यतीनने हीटर लावला, पण गाडी सुरू केली नाही.

"आई, पण खऱ्या थॉर्नलोने दिलं होतं ना?"

"त्याने आयुष्यात एकदा दिलं रे," मी म्हटलं. "मी रोज देत होते."