पियानोला हार घातला होता तेव्हा

मी कीबोर्ड बोलतोय. एकसष्ट पट्ट्यांचा, काळ्या प्लास्टिकचा, वायर लावल्याशिवाय तोंडातून शब्द न निघणारा. माझं मन मोठं असेल असं समजून ऐकायला बसू नका. माझं मन जळकं आहे, आणि ते कुणावर जळतं तेही सांगतो.

पुनमला दहावीत पंच्याण्णव टक्के पडले तेव्हा तिच्या पप्पांनी, राजशेखरांनी, मला घरी आणलं. पेढ्यांबरोबर माझाही फोटो काढला. दोन महिने तिनं मला खाली ठेवलं नाही. मग लातुरातल्या बाकी पोरांचं होतं तेच तिचं झालं. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट. पप्पांनी मला कपाटावर चढवलं आणि वर गाद्या रचल्या. "डॉक्टर झाल्यावर वाजव म्हणावं किती वाजवायचंय ते," असं ते आईला सांगत होते. ज्याला स्वतःला तीन तास एका जागी बसवत नाही, तो माणूस पोरीला चौदा तास बसवत होता.

डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दोन वेळा झाली, दोन्ही वेळा नंबर हुकला. तिसऱ्या वेळेला पुनमनं क्लासची बॅग दारातच टाकली आणि स्टूल घेऊन मला खाली काढलं.

"काय करून राहिलीस गं?" पप्पा ओरडले.

"मी आता क्लासला जाणार नाही."

"मग काय करणार? टिंग टिंग?"

"हाव. टिंग टिंग."

त्या दिवशी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधीच सुखात नव्हतो.

उदगीर रोडवरच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत तिला संगीत शिकवायला घेतलं. पक्कं नाही, नाताळापर्यंत बघू म्हणून. शाळा ईश्वरप्पांची. मूळ धंदा सोयाबीनच्या आडतीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि शाळेत मात्र ख्रिसमस झालाच पाहिजे, कारण शेजारच्या शाळेत होतो. त्यांनी पुनमला सरळ सांगितलं, "चोवीस तारखेला लेकरांनी चांगलं वाजिवलं, तर जानेवारीपासून तू कायम. न्हाईतर राम राम." पप्पांनी घरी त्या अटीला आपलीही एक जोडली. राम राम झाला, तर पुनम गुपचूप पुन्हा क्लासला बसणार. पुनमनं कबूल केलं. दुसरं काय करणार होती?

वाजवणारी होती चौथीतली अंजू. गाणाऱ्या होत्या सहावीच्या वीस मुली.

नाताळच्या गाण्याची चाल निवडण्यात आमचा आठवडा गेला. पुनम मोबाईलवर एकेक चाल ऐकायची, माझ्यावर वाजवून बघायची आणि सोडून द्यायची. तिचं गणित साधं होतं. अंजूला शिकायला लागून तीनच महिने झाले होते. तेव्हा पाची बोटं पाच पट्ट्यांवर ठेवली की हात सरकवायला लागू नये, काळ्या पट्टीवर जावं लागू नये, आणि डाव्या हाताला एकेक सूर धरून ठेवण्यापलीकडे काम नसावं. एवढ्यात बसणाऱ्या चाली फार नसतात. ज्या बसतात त्या मोठ्यांना पोरकट वाटतात.

ईश्वरप्पांनी एक दिवस तिच्या नाकासमोर मोबाईल धरला. "हे बघ. माझ्या नातवाच्या पुण्याच्या शाळेत हे वाजिवलं. लई भारी. हेच बसव."

"सर, यात हात वरच्या सप्तकात उडी मारतो. अंजूला अजून अंगठा खालून काढता येत नाही."

"मग तीन महिने काय शिकिवलंस तू?"

पुनम "बघते सर" म्हणाली. पण बसवली सोपीच चाल, पाच सुरांची. अंजूची बोटं माझ्यावर आधी अडखळली, मग चालायला लागली, आणि एका गुरुवारी ती डोळे मिटून वाजवू लागली. ते सगळं माझ्यावर झालं, हे ध्यानात ठेवा.

आता एक गोष्ट. अंजूला पांढरी एकवरून, म्हणजे पहिली पांढरी पट्टी सा धरून, वाजवणं सोपं, पण त्या वीस मुलींचा गळा खुलायचा त्याहून उंच, पांढरी चारला. माझ्यात त्यासाठी एक बटण आहे. ते एकदा दाबलं की बोटं पांढरी एकवरच राहतात आणि आवाज पांढरी चारचा निघतो. पुनमनं ते पहिल्याच दिवशी दाबलं आणि विसरून गेली.

मग तो आला.

हैदराबादहून टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. ईश्वरप्पांनी मागवलेला लाकडी पियानो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पितळी पाय, पोट सुटलेल्या सावकारासारखा. सहा माणसांनी उचलला तरी कण्हत होती. शिक्षक, शिपाई, पोरं, सगळी त्याच्याभोवती. कुणीतरी त्याला बसायला जागा करायची म्हणून मला उचलून उभं केलं, पडद्यामागे, फिनाईलच्या बादलीजवळ. आणि पुनम, माझी पुनम, त्याच्या लाकडावरून हात फिरवत अंजूला म्हणाली, "किती सुंदर आहे गं हा!" मला असं ती कधी म्हणाली नव्हती.

"आता त्या प्लास्टिकच्या खोक्याची गरज न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. "पोरगी यावरच वाजवंल."

"सर, मग आजपासून सराव करू द्या."

"उद्घाटनाच्या आधी? काय बोलतीस! पाहुण्यांच्या हस्ते पहिला सूर लागणार. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

त्यांनी पियानोवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला, झाकणाला लाल फीत बांधली. पाच दिवस तो तसाच. वाजवायची वस्तू, आणि वाजवायला बंदी. असली अक्कल फक्त वयानंच येते.

त्या पाच दिवसांत अंजू माझ्यावरच सराव करत होती. मला ठाऊक होतं की त्या पोट सुटलेल्याला माझ्यासारखं बटण नाही. पुनमनं खरा पियानो जन्मात पाहिला नव्हता, तिच्या डोक्यात ते आलं नाही. मला माणसासारखं बोलता आलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

चोवीस तारीख. नारळ फुटला, फीत कापली, पाहुण्या बाईंनी एक पट्टी दाबली, टाळ्या झाल्या. ठरल्याप्रमाणे मुलींनी पहिली ओळ वाद्याशिवाय म्हटली. पुनमनं मोबाईलवरच्या तानपुऱ्यातून त्यांना पांढरी चार दिली होती. दुसऱ्या ओळीला अंजूची बोटं पडली पांढरी एकवर, आणि आवाजही पांढरी एकचाच निघाला.

एकाच चौकात दोन वरातींचे बँड समोरासमोर यावेत तसं झालं. मुली बावरल्या, काही गप्प झाल्या, काही जोरात ओरडू लागल्या. मागे पालक हसले. अंजू मान खाली घालून वाजवतच राहिली.

मी पडद्यामागे खूश होतो. एक अख्खी ओळ.

"ए, थांबव ते!" ईश्वरप्पा पहिल्या रांगेतून गरजले. "काय शिकिवलंय हे?"

तेव्हा मला फटीतून पुनमचा चेहरा दिसला. क्लासची बॅग दारात टाकण्याआधी जसा होता तसा. माझी खुशी तिथंच आटली.

ती स्टेजवर गेली. अंजू रडत म्हणाली, "मॅडम, मी बरोबरच वाजवत होते."

"बरोबरच होतीस." मग पुनम माईककडे वळली. "चूक माझी आहे. सूर मी चुकीचा दिला. मुलींनो, आता गाऊ नका, नुसतं ऐका. अंजू, तू एकटी वाजव."

चूक माझी, असं त्या सभागृहात कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून कधी निघालं असेल असं मला वाटत नाही.

अंजूनं वाजवलं. पाच सूर. पट्टीवरून बोट निघाल्यावर माझा आवाज लगेच संपतो. त्याचा लाकडात थोडा वेळ राहून मग विरतो. तीच चाल, माझ्यावर घोटलेली, आणि ती त्याच्या पोटातून अशी निघाली की पाहुण्या बाई पुढे सरकून बसल्या. दुसऱ्यांदा मुलींनी आपणहून खालच्या सुरात साथ धरली, हळू, शेजारच्या खोलीतून यावी तशी. मागच्या रांगेत पुनमचे पप्पा राजशेखर उभे होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नसेल.

टाळ्या संपल्यावर ईश्वरप्पा पाहुण्यांना सांगत होते, "वस्तूच अस्सल आणली ना मी." मग पुनमकडे न बघताच म्हणाले, "जानेवारीपासून ये."

"येते सर. पण हार काढायचा. रोज वाजला पाहिजे हा."

"हार काढल्यावर शोभा काय राहिली?"

"शोभाच पाहिजे होती तर झुंबर आणायचं."

पाहुण्या बाई खळखळून हसल्या, म्हणून ईश्वरप्पांनाही हसावं लागलं.

आता आम्ही दोघं एकाच खोलीत असतो. पुनम त्याच्यासमोर बसते, माझ्याकडे पाठ करून. नवी लेकरं पहिले तीन महिने माझ्याकडे असतात. चिकट बोटांनी माझ्यावर चुकतात, आणि जरा हात बसला की त्याच्याकडे जातात. मी जळतो. बरं होईल असं वाटत नाही.

पुनम, एक सांगायचं राहिलं. तुझं सगळं बुडत होतं तेव्हा मी ओळभर खूश होतो. माफ कर की नको करू, तुझी मर्जी. पण पुढच्या नाताळालाही चाल सोपीच निवड. कुणी कितीही नाकं मुरडली तरी. अवघड चाली त्याच्या आहेत. सोप्या आधी माझ्याकडे येतात.