इंजिन बसलं, पण नियमात नाही

मनवेलपाड्याच्या चैत्रगंध सोसायटीत नळाला एक दिवसाआड पाणी येत असे. उरलेल्या वेळी बोअरचं पाणी होतं. ते मुबलक होतं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे आणि बादलीला आतून पांढरी कड धरत असे, एवढं सोडलं तर पाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. असती तरी ती लिहून घ्यायला लोक दुसऱ्या मजल्यावरच्या प्रल्हाद आरेकरांकडेच गेले असते, आणि आरेकरांनी ती व्यवस्थित नियमात बसवून दिली असती.

आरेकर एका सरकारी महामंडळात हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक विद्या कमावली होती. घडलेली गोष्ट आणि नियम यांचं पटत नसेल, तर नियम बदलणं आपल्या हातात नसतं. तेव्हा गोष्ट बदलायची. मेव्हण्याच्या लग्नाला जाऊन आलेला माणूस त्यांच्या अर्जात 'अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव' गैरहजर असे. आपण खोटं लिहितो असं त्यांना कधी वाटलं नाही. खोटं बोलायला माणूस लागतो, आणि आरेकरांच्या अर्जात माणूसच नसे. तिथे रजा घेतली जात असे, विलंब होत असे, पावती गहाळ होत असे. कुणी काही करत नसे.

२००३ च्या पाडव्याला आरेकरांनी नवी गाडी घेतली. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वाहनकर्जाचे अर्ज लिहिल्यावर एक स्वतःसाठी लिहिला, तो मंजूर झाला. गाडीबरोबर इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक आलं. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता देवघराखालच्या खणात ठेवलं. गाडीला दोन वर्षांची वॉरंटी आहे हे मात्र सोसायटीत सगळ्यांना पाठ झालं.

गणपती झाल्यावर इंजिनाशेजारच्या पांढऱ्या बाटलीतलं हिरवं पाणी कमी झाल्यासारखं दिसलं. आरेकरांनी शोरूमला फोन केला. डायना नावाच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की गर्मीत होतं सर थोडं कमी, टॉप-अप करा. कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. आरेकर न्हाणीघरातून तांब्या भरून घेऊन आले आणि त्यांनी टॉप-अप केलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा केलं. मग आठ दिवसांनी. दिवाळीत रोजचा एक तांब्या लागू लागला, तेव्हा त्यांनी डिकीत पाण्याचा कॅनच ठेवला. तान्ह्या मुलाला घेऊन निघालेली बाई जशी दुधाची बाटली आधी पाहते, तसे ते निघताना कॅन पाहत. शोरूमला दाखवायचं तर रजा टाकावी लागली असती. शिवाय तिसरी फुकट सर्व्हिस डिसेंबरअखेर होतीच, तेव्हा सांगू. गाडी चालत होती. चालणाऱ्या गोष्टीबद्दल लेखी काही द्यायचं नसतं, असा आपल्याकडे समज आहे.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी भाईंदरहून परतताना सातिवलीजवळ हायवेवर काटा एकदम लाल रेषेवर गेला. कडेला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ आली, आत लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून ती गोखिवऱ्याच्या शोरूमपर्यंत ओढून आणली.

"इंजिन बसलं," फोरमन म्हणाला.

फोरमनचं नाव आग्नेल. वसईतलाच, पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, बोलण्यापेक्षा ऐकणारा. गाडीचं बोलणंही तो कान लावून ऐकत असे. त्याने रेडिएटर उघडला. आत पांढरी खपली धरली होती.

"साहेब, पाणी कुठलं घातलंत?"

एखादा माणूस ठेच लागल्यावर 'आई गं' म्हणतो तितक्या सहज आरेकर म्हणाले, "आम्ही कशाला घालू? सर्व्हिस तुमच्याकडेच झालीय."

आग्नेलने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खपलीकडे पाहिलं, आणि रेडिएटरचं झाकण लावून टाकलं.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. शिफारस न केलेलं पाणी वापरल्याने इंजिन निकामी झालं आहे, सबब वॉरंटी लागू नाही. नव्या इंजिनाला जो खर्च सांगितला होता त्यात आरेकरांच्या पगाराचे सहा महिने गेले असते, आणि गाडीचे हप्ते अजून चार वर्षं चालू होते. आरेकर घाबरले. घाबरले की ते लिहीत. ग्राहक मंचाचा धाक घालून त्यांनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी बायकोला आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"'सदर वाहनात अधिकृत कार्यशाळेव्यतिरिक्त अन्यत्र कोणत्याही प्रकारचा द्रव भरण्यात आलेला नाही.'"

"एक नंबर, बाबा," परेश म्हणाला. तो कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला गाडी घेऊन अर्नाळ्याला जायचं होतं.

आशालताने भाजी निवडता निवडता विचारलं, "मग ते पाणी घातलं कुणी?"

"तसं कुठे लिहिलंय? अर्थ ज्याने त्याने काढायचा."

अर्थ कंपनीने काढला. जानेवारीत आरेकरांनी चौकशीसाठी शोरूमला फोन केला तेव्हा डायनाचा आवाज नेहमीइतका गोड नव्हता. ऑगस्टातल्या सर्व्हिसच्या कागदावर ज्याची सही होती, त्याला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सही आग्नेलची होती.

आरेकरांनी रिसीव्हर ठेवला आणि आपण कुणाचंही नाव घेतलेलं नाही हे घरात दोनदा सांगितलं.

"नाव नाही घेतलंत," आशालता म्हणाली. "इंजिन बसलं होतं, आता माणूस घरी बसवलात. हे कुठल्या नियमात बसतं, तेवढं बघा."

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून आग्नेल मनवेलपाड्याला आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. आरेकरांनी दार उघडलं आणि मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं तयार केली. हा माणूस रडेल किंवा भांडेल, दोन्हींसाठी एकेक. तो यांपैकी काहीच करेना. खुर्चीच्या कडेवर बसला आणि आशालता चहा टाकते म्हणाली तेव्हा म्हणाला, "चहा राहू द्या वहिनी. बोअरचं पाणी द्या पेलाभर."

त्याने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"भरतीच्या दिवसांत आमच्या विहिरीचं असंच खारट लागतं. साहेब, पाणी तुम्ही घातलंत ते मला रेडिएटर उघडला तेव्हाच कळलं. ते सोडा. का घातलंत, तेवढं सांगा."

आरेकरांकडे बरीच उत्तरं होती, पण ती सगळी दुसऱ्या प्रश्नांची होती.

"कमी होत होतं म्हणून," स्वयंपाकघराच्या दारातून आशालता म्हणाली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. आधी पंधरा दिवसांनी एक तांब्या, दिवाळीत रोज."

"आणि जात कुठे होतं ते? डास पीत होते?" आग्नेल पहिल्यांदा जरा हसला. मग त्याने समजावून सांगितलं. नव्या गाडीतलं पाणी कुठे जात नाही, आतल्या आत फिरत राहतं. रोज तांब्याभर कमी होतं म्हणजे गळतं. या गाडीचं पाणी फिरवणारा जो पंप, त्याच्या सीलखाली सुकलेला ओघळ त्याने स्वतः पाहिला होता. सील पहिल्यापासून खराब असणार. खाऱ्या पाण्याने आतल्या वाटा बुजल्या, इंजिन तापलं, हे खरं. पण पाणी घालायची वेळ आली ती पंपामुळे.

"मग तुम्ही हे तेव्हाच लिहायचं होतं!" आरेकर म्हणाले.

"काय लिहू? मी तोंडावर विचारलं, तुम्ही म्हणालात पाणी घातलंच नाही. घातलं नाही म्हणजे कमी झालं नाही. कमी झालं नाही म्हणजे गळलं नाही. गळलं नाही तर पंपाचं नाव मी कुठल्या तोंडाने घेऊ?" त्याने पेला बाजूला सरकवला. "कंपनी म्हणते तुम्ही पाणी घातलं. तुम्ही म्हणता घातलंच नाही. तुम्ही दोघं भांडताय एकमेकांशी, आणि वाचवताय मिळून पंपाला."

आग्नेल उठला. दारात चपला घालताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात नव्हे. नोकरी गेली तर सोळा वर्षं पाना धरलाय, नाक्यावर गॅरेज टाकता येईल. पण सर्व्हिसच्या गाडीत खारं पाणी ओतणारा मिस्त्री म्हणून नाव झालं, तर त्या गॅरेजवर सायकलही कुणी आणणार नाही.

तो गेल्यावर आरेकर कागद घेऊन बसले. परेशचं म्हणणं होतं, की बाबा आपल्या हाताने केस घालवताय. पंप चांगला निघाला तर? 'मीच पाणी घातलं' असं एकदा लेखी गेलं की इंजिन कायमचं आपल्या बोकांडी. त्यात चुकीचं काही नव्हतं. हाच सल्ला आरेकरांनी आजवर शंभर जणांना दिला होता.

त्यांनी लिहिलं, 'सदर वाहनात बोअरचे पाणी भरले गेले.'

"कुणाकडून?" आशालताने विचारलं.

त्यांनी खोडून लिहिलं, 'अर्जदाराकडून भरले गेले.'

"अर्जदार कोण?"

"अगं, मीच की!"

"मग तसं लिहा ना. एवढं सोपं तर आहे."

सोपं नव्हतं. सव्वीस वर्षांत 'मी' हा शब्द त्यांनी कुठल्याही सरकारी कागदावर लिहिला नव्हता. 'मी' लिहिलं की कागदात माणूस येऊन उभा राहतो, आणि उभा राहिला की त्याला विचारता येतं. दुपारच्या जेवणाची ताटं वाढून झाली, निवली, तेव्हा पत्र पुरं झालं. ते असं होतं:

'गणपतीपासून मी माझ्या गाडीत बोअरचे पाणी घालत होतो. आतले पाणी कमी होत होते म्हणून घालत होतो. ते का कमी होते, हे मी लेखी विचारायला हवे होते, विचारले नाही. आपल्या कार्यशाळेतील कोणीही हे पाणी घातलेले नाही. माझ्या आधीच्या पत्रातले तसे सुचवणारे वाक्य खोटे आहे आणि ते मी जाणूनबुजून लिहिले. गाडीचा पंप माझ्यासमोर उघडून तपासावा.'

दुसऱ्या दिवशी पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. चौथ्या दिवशी आग्नेल कामावर रुजू झाला. त्याला घरी बसवायला जेवढे कागद लागले होते, त्याहून परत बोलवायला जास्त लागले, पण ते झाले.

पंप तपासायला कंपनीचा एक तरुण अधिकारी मुंबईहून फेब्रुवारीत आला. आग्नेलने पंप सोडवून टेबलावर ठेवला. सील एका बाजूला बसलेलंच नव्हतं. अधिकाऱ्याने ते भिंगातून पाहिलं, बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला आणि आत येऊन एक छापील कागद पुढे केला. कंपनी 'विशेष बाब म्हणून, सदिच्छेपोटी' नवं इंजिन विनामूल्य देत होती. रेडिएटर खाऱ्या पाण्याने गेला, त्याचा खर्च ग्राहकाने करायचा. आपलं समाधान झालं आहे, अशी खाली सही.

आरेकरांनी कागद एकदा वाचला आणि एका जाणकाराने दुसऱ्याच्या कारागिरीकडे पाहावं तसं अधिकाऱ्याकडे पाहिलं. पानभर मजकुरात पंप हा शब्द नव्हता.

"रेडिएटर माझ्याकडे लागला, तो मी भरतो," ते म्हणाले. "पण इंजिन सदिच्छेपोटी नको. पंप खराब होता, एवढं लिहा."

"सर, तसं लिहायची पद्धत नाही आमच्यात."

"माझीही नव्हती."

अधिकाऱ्याने समजावलं. सही केली तर आठवड्यात इंजिन, नाही तर प्रकरण वर जाईल, किती दिवस लागतील सांगता येत नाही. आरेकरांना हप्ता आठवला, परेशचं तोंड आठवलं. त्यांनी पेन खिशाला लावलं. असेच पंप आणखी किती गाड्यांत आहेत ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणाले; आणि त्या गाड्यांत रोज तांब्या घेऊन पाणी घालणारी माणसं असतील, त्यांनाही कुणी तरी विचारेल, पाणी कुठलं घातलंत म्हणून.

पाच आठवडे गेले. आरेकर रिक्षाने फिरले. मार्चअखेर जे पत्र आलं त्यात एक ओळ जास्त होती: 'सदर वाहनाचा वॉटर पंप सदोष असल्याचे आढळून आले.' कुणाला आढळलं ते लिहिलं नव्हतं. तेवढं आरेकरांनी सोडून दिलं आणि सही केली.

वाचकहो, कंपनी मोठी असते आणि आपण लहान असतो, म्हणून थोडं खोटं आपल्याला शोभतं, असं आपण धरून चालतो. आरेकरांचं इंजिन त्या समजुतीपायी जवळजवळ गेलंच होतं, आणि एका मिस्त्रीची सोळा वर्षं त्याच्याबरोबर गेली असती. तक्रार करा, जरूर करा, लेखी करा, पहिल्या तांब्यालाच करा. पण घडलं तसं करा, आपली चूक धरून. ती वगळली, की तिला चिकटलेली समोरच्याची चूकही कागदावरून निघून जाते, आणि मग आपण खरे असूनही दाखवायला आपल्या हातात काही उरत नाही.