एक झाकण, एक डोस

बांधावर नऊ वस्तू होत्या. सोळा लिटरचा बॅटरीपंप, त्यात अंदाजे चार लिटर द्रावण उरलेले. दोन बादल्या. औषधाच्या दोन बाटल्या, एक जवळजवळ रिकामी, दुसरी नुकतीच फोडलेली. पावडरची फाडलेली पुडी. एक गुलाबी झाकण. हातमोज्यांची जोडी, ओली. मास्क, तोही ओला. बाबा या नवांत नाहीत. ते बांधाला टेकून बसले होते. तोंडातून लाळ गळत होती आणि दंडाचे स्नायू आपोआप थरथरत होते, कातडीखाली मुंग्या फिराव्यात तसे.

साडेअकरा वाजले होते. बार्शीटाकळीजवळ आमची दीड एकर भाजी आहे, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. वांग्यांवर अळी पडली म्हणून बाबा सकाळी सातपासून फवारत होते आणि आई पाणी आणून देत होती. तिच्या हाकेवर मी घरातून धावत आले. अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मला चारच महिने झाले होते. बाटलीवरचे नाव वाचले. हे विष श्वासाचे स्नायू बंद पाडते, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिले होते.

बाबांचा सदरा काढला, मोटारीच्या पाण्याखाली त्यांना धुतले, बाटल्या आणि पुडी पिशवीत भरल्या. शेजारचे शेषरावकाका भाजीचा टेम्पो घेऊन आले. वाटेत त्यांनी विचारले, डोस किती टाकला होता. आई म्हणाली, नेहमीचाच, एक झाकण.

डोस हा एक इंग्रजी शब्द आमच्याकडे सगळीकडे चालतो. लेकराला पोलिओचा डोस, वांग्याला खताचा डोस. आईची बीपीची गोळी म्हणजे सकाळचा डोस, आणि शेषरावकाका दुसऱ्यांदा चहा मागतात तोही डोसच. मी मास्कबद्दल बोलायला लागले की बाबा म्हणायचे, "झाले इचे डोस सुरू." माझ्या पुस्तकात मात्र डोस म्हणजे दर किलो वजनामागे इतके मिलिग्रॅम. आकडा नसेल तर तो डोस नव्हे. घरात आकडा कधी नव्हताच, गुलाबी झाकण होते. ते कुठल्या बाटलीचे हे कुणाला आठवत नाही. बाटली गेली, झाकण मापाला राहिले. गेल्या दिवाळीत मी ते मोजले होते: सत्तावीस मिलिलिटर. या बाटलीच्या लेबलवर एका पंपाला पंधरा लिहिले आहे. दुसरी बाटली, पुडी, सगळे त्याच झाकणाने.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या, बाबांचे वजन विचारले. बावन्न किलो, मी सांगितले. उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू झाले. किती डोस लागतील, हे मी विचारून टाकले. आकड्याशिवाय मला उभे राहवत नव्हते.

"आधी ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं."

मग त्यांनी विचारले, मास्क होता का, हातमोजे होते का. दोन्ही होते, मीच आणून दिले होते. दोन्ही ओले होते, म्हणजे वापरलेले होते. डॉक्टर म्हणाले, मग इतके पोटात गेले कसे?

वॉर्डातल्या सीमा सिस्टरच्या टॉर्चच्या दांडीवर काळ्या ठिपक्यांची पट्टी होती, एक मिलिमीटरपासून आठपर्यंत. या विषाने डोळ्याची बाहुली आकसते, म्हणून ती कोणत्या ठिपक्याएवढी आहे ते बघायचे. सिस्टर आकडा सांगत, मी वहीत लिहीत होते. बारा पन्नास: एक, एक. एक वीस: एक, एक. याच वेळी बाबांच्या घशातून हुक्का ओढल्यासारखा आवाज यायला लागला आणि मला बाहेर काढले.

आई व्हरांड्यात बाकावर होती. पदराने डोळे पुसत होती, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. सारखी उठून कोपऱ्यातल्या नळाशी थुंकून येत होती. मी तिला म्हटले, रडू नको, तुझे बीपी वाढेल.

"रडून नाई राहिली मी. पानीच येऊन राहिलं डोयातून," ती म्हणाली. डोके दुखते असेही म्हणाली. ऑक्टोबरचे ऊन होते, व्हरांड्यातले सगळेच घामाघूम होते. शेषरावकाकांनी तिला लिंबूपाणी आणून दिले. तिने ते ओकले. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून, असे काका म्हणाले. मलाही तसेच वाटले.

दोन वाजता मला पुन्हा आत घेतले. बाबांच्या बाहुल्या: दोन, दोन. तीन वाजता: तीन, चार. छातीतला आवाज कमी झाला. चारच्या सुमारास त्यांनी मला ओळखले. ओठ सुकले होते.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "आज खरा डोस भेटला तुया बापाले."

मी हसले नाही. विचारले, मास्क असून हे तोंडात गेले कसे?

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पंपाचं नोझल चोंदलं होतं. पुडीचे गोळे झाले. फुकून काढा लागते ना."

"किती वेळा फुंकलं?"

"मी दोनदा. मंग छातीत जोरच नोता. तुया माईनं फुकलं."

"आईनं? किती वेळा?"

"चार-पाच खेपा. आखरीच्या पंपाले. सांगू नोका मने पोरीले, डोस पाजत बसन."

मी सिस्टरच्या हातातला टॉर्च घेतला. विचारले की नाही, आठवत नाही. आई बाकावर आडवी झाली होती आणि तिचा दंड कातडीखाली थरथरत होता. मी ओरडले, सिस्टर स्ट्रेचर आणायला धावल्या. व्हरांड्यात ऊन होते आणि उन्हात बाहुली लहान दिसतेच, म्हणून काकांनी आणि मी तिला उचलून आतल्या सावलीत नेले. नजर सावलीला सरावायला निदान दोन मिनिटे द्यायला हवीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्वदच सेकंद मोजले, पुढे थांबवले नाही. मग पट्टी तिच्या गालाशी धरली.

चार वाजून बारा मिनिटे. उजवी एक मिलिमीटर, डावी एक मिलिमीटर.