कालची लांबी

तुटलेली साखळी पोलिसांनी पोत्यात घालून पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आणून टाकली, तेव्हा सुधाकर सरांना तिचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. अमडापूरजवळ विहिरीचं खोदकाम चालू होतं. मुरमानं भरलेली बकेट यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, वर ओढताना साखळी तुटली आणि खाली उभा असलेला कारभारी नावाचा मजूर जागच्या जागी गेला, एवढं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी साखळीचा एक तुकडा यंत्रावर ओढून पाहिला. लोखंड चांगलं निघालं. म्हणजे बनवणाऱ्याचा दोष नव्हता. साखळी महिनोन्‌महिने ताणत गेली होती आणि कुणीतरी ती तशीच वापरत राहिलं होतं.

तो कुणीतरी दुपारी स्वतःच दारात येऊन उभा राहिला. हर्षल, जळगाव जामोदचा, सहा वर्षांपूर्वीचा त्यांचाच विद्यार्थी. यारी त्याची होती. संध्याकाळी त्याला ठाण्यात जबाब द्यायचा होता.

"सर, मी तं दर महिन्याले मोजत होतो," त्यानं खिशातली डायरी पुढं केली. "बाकीचे यारीवाले नुसते नजरेनं पाहतात. मी दहा कड्यांची लांबी पट्टीनं मोजली."

पहिल्या ओळीत लाल शाईनं लिहिलं होतं, पाच टक्क्यांवर वाढली की साखळी फेकायची. खाली मिलिमीटरमध्ये मापं होती: ३००, ३०४, ३०८, ३१३, ३१८, ३२३. प्रत्येक वाढीपुढं टक्के मांडलेले, सव्वा ते दीडच्या आसपास, आणि त्यापुढं 'ठीक'.

"पाचच्या जवळबी नाही गेली, सर. मंग तुटली काऊन?"

सरांना चूक एका नजरेत दिसली. "दर वेळी मागच्या महिन्याच्या लांबीनं भागलंयस. मूळ तीनशेनं का नाही?"

"तुम्हीच तं शिकवलं होतं. इंजिनिअरिंग स्ट्रेन म्हणजे लांबीतली वाढ मूळ लांबीवर मोजाची, ट्रू स्ट्रेन म्हणजे त्या त्या वेळच्या लांबीवर." मग त्यानं सरांच्याच सुरात म्हटलं, "मूळ लांबी धरून बसणं हे कारकुनाचं काम. लोखंडाला कालचीच लांबी ठाऊक."

या वाक्यावर वर्ग दरवर्षी हसायचा. सरांना त्याचा भारी अभिमान होता.

वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. दर वेळच्या वाढीचे ते तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकांत मिळवायचे असतात. त्या बेरजेतूनच लॉगरिदम येतो आणि एका स्ट्रेनवरून दुसऱ्यावर जाता येतं. पण लॉगरिदम म्हटलं की पोरं वह्या मिटायची, आणि सरांना साडेतीनची चिखलीची बस गाठायची होती. 'पुढचं परीक्षेला येत नाही,' म्हणून त्यांनी खडू ठेवला होता. आलंही नाही. हर्षलला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळाले होते.

त्यांनी फळ्यावर आकडे मांडून बेरीज केली. सात पूर्णांक चार टक्के. मग मूळ लांबीवरून काढलं. सात पूर्णांक सात. "कसंही काढ. तीनशे अठरा झाली तेव्हाच ती फेकायला हवी होती."

हर्षलनं फळ्यावरचे आकडे डायरीशी ताडून पाहिले. मग त्यानं विचारलं, "बेरीज करा लागते, हे वर्गात सांगतलं होतं का, सर?"

कुत्सितपणा नव्हता, पोर खरंच विचारत होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"होतं," ते म्हणाले.

"मंग माह्याच ध्यानात नसन राह्यलं." त्यानं डायरी मिटली. "कारभारी काका खाली उतराले भेत होते, सर. मी म्हटलं, मोजलं हाय मी, उतरा." जाताना तो सरांच्या पाया पडला, आणि सरांनी पडू दिलं.

मग त्यांनी अहवाल लिहिला. साखळी मर्यादेबाहेर ताणलेली, देखरेखीत हयगय. 'होतं' या एका शब्दाच्या खोट्यावर सही झाली आणि शिक्काही बसला. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याची पुढं त्यांनाच लाज वाटली.

सात वाजता हर्षलचा फोन आला.

"सर, ठाण्यातून बोलून राह्यलो. माह्या बायकोनं, पुष्पांजलीनं, घरून माह्या वर्गाच्या वहीचा फोटो पाठवला. ते पान हाय. कालच्या लांबीचं तुमचं वाक्य हाय, खाली तुमची तपासल्याची सही हाय. बेरीज कुठंच नाही."

आता पोरानं शिव्या घालाव्यात, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मीच लिहून घेतली नसन," हर्षल म्हणाला. "साहेबाले तसाच जबाब दिला. सरांनी सांगतलं होतं, माही चूक झाली."

थांब, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"बरं," ते म्हणाले.